शिवारातील शंका : सोलर प्लेट आली आणि रेडिओ खरखरू लागला



गेले काही महिने या पानासाठी येणाऱ्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसू लागली आहे. शब्द निरनिराळे, दुखणे एकच. कोणी लिहितात, "वस्तीवर सोलर प्लेट बसवली, दिवे लागले, पंखा फिरला, पण रेडिओ कामातून गेला. नुसती खरखर." दुसरे लिहितात, "शेजाऱ्याचा सौर पंप सुरू झाला की आमचा रेडिओ घों घों करतो. सांगायला गेलो तर तो म्हणतो, माझ्या पंपाचा आणि तुझ्या रेडिओचा संबंध काय?" एका भगिनीने तर सरळच विचारले आहे, की ही खरखर म्हणजे घरात पसरलेली वीजच ना? मग तिचा लेकराबाळांना आणि दुभत्या गाईला काही अपाय होईल का?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. आजचे पान त्यांच्याच उत्तरासाठी.

शहरातला माणूस म्हणेल, मोबाइलच्या जमान्यात रेडिओचे एवढे काय? परंतु घाटाच्या कुशीतल्या किंवा गावापासून दूरच्या वस्तीवर मोबाइलची रेंज आज असते, उद्या नसते. दोन सेलवर चालणारा रेडिओ मात्र गोठ्यात, खळ्यावर, मळ्यात कोठेही बोलतो. गारपिटीचा इशारा, पावसाचा अंदाज, बाजारभाव, संध्याकाळचे भजन हे सारे त्यातून येते. सौर दिवा मिळाला म्हणून हा सोबती गमवावा, असे मुळीच नाही. दोन्ही सुखाने नांदू शकतात. फक्त भांडण कोठे आहे ते नीट शोधले पाहिजे.

दोष प्लेटचा नव्हे

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. खरखर छपरावरची काच करीत नाही. प्लेट म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकत्यांची ओळ. उजेड पडला की एकेका चकतीत साधारण अर्धा व्होल्ट तयार होतो. अशा छत्तीस चकत्या ओळीने जोडल्या की बारा व्होल्टची बॅटरी भरण्याइतका दाब मिळतो. ही वीज एकाच दिशेने, एका संथ धारेने वाहते. तिच्यात हलणारे, उघडझाप करणारे काही नसते. त्यामुळे नुसती प्लेट उन्हात ठेवली आणि शेजारी रेडिओ लावला, तर तो गुण्यागोविंदाने बोलत राहील.

खरी गडबड पुढच्या डबीत असते. घरच्या संचात ती चार्ज कंट्रोलरची लहान डबी असते, सौर पंपात मोटार चालविणारी मोठी पेटी. प्लेटची वीज ऊन-सावलीप्रमाणे कमीजास्त होते आणि बॅटरीला किंवा मोटारीला ती जशीच्या तशी चालत नाही. म्हणून ही डबी विजेचे बारीक तुकडे करते, म्हणजे प्रवाह सोडते, तोडते, पुन्हा सोडते. हे काम सेकंदाला काही वेळा नव्हे, तर चांगल्या प्रतीच्या डबीत हजारो वेळा चालते.

तुमच्या पाइपलाइनचेच उदाहरण घ्या. पाणी जोरात चालू असताना व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर काय होते? सगळ्या पाइपला दणका बसतो आणि तो दूरच्या टोकापर्यंत जाणवतो. हळूहळू बंद केला तर काही होत नाही. तसाच विजेचा प्रवाह एकदम तोडला की तारेला दणका बसतो. सेकंदाला हजारो दणके बसू लागले की ती तार एरियलसारखी होते आणि हे दणके हवेत पसरवू लागते. रेडिओचे काम हवेतून येईल ते पकडण्याचे. तो ते इमानाने पकडतो आणि आपल्याला खरखर ऐकवतो.

जुन्या मंडळींना आठवत असेल, दारावरून फटफटी गेली की रेडिओ तडतडायचा. तिच्या प्लगची ठिणगी आणि ही डबीतली तोडजोड एकाच जातीची आहे.

आता कोणी विचारील, मग मोबाइल आणि एफएम का खरखरत नाही? त्याचे कारण असे. आपल्याकडे मध्यम लहरींचे पट्टे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ या दरम्यान आहेत. डबीच्या तोडजोडीचे पडसाद पटीपटीने वर चढत नेमके याच पट्ट्यात येऊन पोहोचतात. शिवाय मध्यम लहरींवर आवाज हा लहरीच्या कमीजास्त जोरात साठविलेला असतो. बाहेरचा दणका त्या जोरातच मिसळतो आणि मग रेडिओला गहू कोणता, खडा कोणता हे कळत नाही. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे बराच वर, आणि तेथे आवाज साठविण्याची रीतही वेगळी. मोबाइल त्याहूनही वर. म्हणून ते बहुधा सुटतात आणि मार खातो तो मध्यम लहरींचा रेडिओ.

आधी चोर ओळखा

रोग ओळखल्याशिवाय औषध फवारू नये, हे आपण पिकाच्या बाबतीत जाणतो. येथेही तेच. या तपासणीला एक पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो. हत्यार एकच, सेलवर चालणारा रेडिओ. तो घरच्या विजेच्या वायरीवर किंवा चार्जरवर लावून तपासणी करू नका, नाहीतर दणके त्या वायरीतूनच आत शिरतील.

रेडिओ मध्यम लहरींवर, कोणतेही केंद्र नसलेल्या मोकळ्या जागी लावा. आवाज थोडा वाढवा. आता घरातले सगळे बंद करा. दिवे, पंखा, इन्व्हर्टर, चार्जर, एकूण एक. प्लेटवर जाड घोंगडी किंवा गोणपाट अंथरा, म्हणजे तिची वीज थांबेल. ही घोंगडीची युक्ती ध्यानी ठेवा. भर उन्हात प्लेटची वायर ओढून तपासणी करण्यापेक्षा ती कितीतरी सुरक्षित आहे.

एवढे करूनही खरखर तशीच राहिली, तर तुमचा संच निर्दोष आहे. दोष बाहेरचा आहे. खरखर थांबली असेल तर आता एकेक गोष्ट सुरू करत जा. आधी घोंगडी काढा. मग एक दिवा, मग दुसरा, मग पंखा, मग इन्व्हर्टर, शेवटी चार्जर. ज्या क्षणी खरखर परत येईल, त्या क्षणी चोर सापडला.

वेळही पुष्कळ काही सांगते.

सूर्य असतानाच खरखर, ढग आला की सूर बदलतो, दिवस मावळला की शांत, असे असेल तर दोष चार्जिंगच्या डबीचा.

सकाळी शांत आणि दुपारी बॅटरी भरत आली की घरघर सुरू, असे असेल तर तुमची डबी साध्या, पीडब्ल्यूएम जातीची आहे. बॅटरी रिकामी असते तोवर ती वाट मोकळी सोडते. भरत आली की उघडझाप सुरू करते. एमपीपीटी जातीची डबी मात्र सकाळपासूनच काम करते, म्हणून तिचा आवाज दिवसभर राहतो.

दिवसा शांत आणि रात्री दिवे लावले की खरखर, असे असेल तर प्लेटला नावे ठेवू नका. दोष दिव्याचा किंवा इन्व्हर्टरचा. आपल्या एलईडी बल्बच्या बुडाशीही एक चिमुकली तोडजोड करणारी चकती असते. स्वस्त बल्बात तिला आवरणारे सुटे भाग गाळलेले असतात.

दौऱ्यावर असताना अशीच एक वस्ती पाहण्यात आली. घरच्यांनी खरखरीला कंटाळून सौर संच काढून टाकण्याचे ठरविले होते. विचारता कळले, की खरखर फक्त तिन्हीसांजेनंतर होते. एकेक बल्ब काढून पाहिला. पाच बल्बांपैकी ओसरीतला एकच बल्ब काढताच रेडिओ स्वच्छ बोलू लागला. एका बल्बापायी हजारो रुपयांचा संच मोडीत निघणार होता. तपासणीचे महत्त्व यासाठी आहे.

बिनखर्चाचे उपाय आधी

चोर सापडला, आता बंदोबस्त. खर्चाचे उपाय शेवटी ठेवा. आधी हे करा.

एक, रेडिओ फिरवा. मध्यम लहरी पकडण्यासाठी रेडिओच्या पोटात एक आडवी काळी कांडी असते. वर ओढायची चकचकीत दांडी एफएमसाठी आहे, मध्यम लहरींना तिचा उपयोग नाही. पोटातल्या कांडीला सगळ्या दिशांचे सारखे ऐकू येत नाही. तिची टोके ज्या दिशेला असतात, तिकडचे तिला फार कमी ऐकू येते. म्हणून रेडिओ जात्यासारखा जागच्या जागी हळूहळू फिरवा. एका ठिकाणी खरखर बसेल आणि केंद्र वर येईल. तेथे ठेवा. पुष्कळांचे काम एवढ्यावरच भागते.

दोन, अंतर वाढवा. ही खरखर अंतराबरोबर झपाट्याने कमी होते. डबी आणि रेडिओ एकाच फळीवर असतील तर रेडिओ समोरच्या भिंतीकडे न्या. पाचसहा पावलांनी फार फरक पडतो.

तीन, वायरींना पीळ द्या. हा सर्वांत गुणकारी उपाय आहे आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी केलेला नसतो. प्लेटपासून डबीपर्यंत दोन वायरी येतात, लाल आणि काळी. बसविणारा घाईत एक वायर आढ्यावरून आणि दुसरी भिंतीच्या कडेने आणतो. दोहोंमध्ये मोठे वेटोळे तयार होते आणि तेच एरियलचे काम करते. दोन्ही वायरी जवळ आणून सुंभाला देतो तसा एकमेकींना पीळ दिला, की एकीचा दणका दुसरीच्या उलट्या दणक्याने मारला जातो. वायर लांब असेल तर उरलेली गुंडाळी तशीच टांगून ठेवू नका, बेताने तोडून घ्या. बॅटरीच्या वायरीही अशाच जवळ ठेवा आणि डबी बॅटरीपासून लांब नेऊ नका.

पीळ देताना वायरी काढाव्या लागतील. तेव्हा क्रम पाळा. आधी प्लेट झाका. मग प्लेटच्या वायरी काढा, नंतर बॅटरीच्या. जोडताना उलट, आधी बॅटरी, मग प्लेट. डबीसोबत आलेल्या कागदावर वेगळा क्रम दिला असेल तर तो मानावा.

आता थोड्या खर्चाचे. शहरात सुटे भाग विकणाऱ्या दुकानात काळ्या फेराइटची कडी मिळतात. जुन्या संगणकाच्या पडद्याच्या वायरीवर एक काळी गाठ असते, तिच्या पोटातही फेराइटच असतो. मोठे कडे घ्यावे आणि लाल व काळी दोन्ही वायरी एकत्र त्यातून ओवून सात-आठ वेढे द्यावेत. कडे डबीच्या अगदी जवळ असावे. पुष्कळ जण एक कडे नुसते वायरीवर अडकवतात आणि उपयोग झाला नाही म्हणून टाकून देतात. मध्यम लहरींसाठी एका वेढ्याने भागत नाही. येथे वेढे दुप्पट केले की अडथळा साधारण चौपट होतो, हा हिशेब लक्षात ठेवा. एक वायर आत आणि एक बाहेर असे मात्र करू नये.

इन्व्हर्टर घरघरत असेल आणि तो चौकोनी लहरींचा स्वस्तातला असेल, तर त्याला फार औषध नाही. पुढे कधी बदलाल तेव्हा शुद्ध साइन लहरींचा घ्या. आजच बदलायची घाई नको.

सौर पंप असेल तर

२०१९ साली केंद्राची कुसुम योजना आली आणि २०२४ साली राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना. त्यामुळे सौर पंप आता शिवाराशिवारात दिसू लागले आहेत. दिवसा पाणी मिळते, रात्री-अपरात्री साप-किरडूच्या भीतीने बॅटरी घेऊन पाणी धरायला जावे लागत नाही, ही मोठी सोय झाली. पण घरच्या दिव्याचा संच आणि पंपाचा संच यांत बैल आणि हत्ती इतका फरक आहे. घरच्या संचात बारा-चोवीस व्होल्ट असतात. पंपाच्या पुष्कळ संचांत प्लेटा ओळीने जोडलेल्या असतात आणि दाब शेकडो व्होल्टांवर जातो. हा दाब माणसाचा जीव घेऊ शकतो. म्हणून घरच्या संचाबाबत जे करा म्हणून सांगितले, ते पंपाच्या पेटीबाबत स्वतः करू नका.

तुम्ही करायचे ते एवढेच. पंप बटणाने बंद करून पाहा. बंद होताच खरखर थांबते का, हे ठरवा. रेडिओ हातात घेऊन पेटीपासून घराकडे चालत या आणि कोठपर्यंत आवाज पोहोचतो ते पाहा. अर्थिंगची तार तुटलेली, गंजलेली किंवा सुटलेली नाही ना, हे न शिवता डोळ्यांनी पाहा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घाला. बाकीचे मेकॅनिकला सांगा. पेटीपासून मोटारीपर्यंतची केबल शक्य तेवढी आखूड असावी, ती उघड्यावर न टाकता पाइपातून जमिनीखालून न्यावी. विहिरीतल्या पाण्याची पातळी दाखविणारी बारीक वायर मोटारीच्या केबलीबरोबर एकाच पाइपातून नेऊ नये. मोटारीच्या केबलीतले दणके त्या बारीक वायरीत शिरले तर पंप विनाकारण मध्येच थांबतो आणि आपण मोटारीला दोष देत बसतो. दोन्ही वायरी एकमेकींना ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडाव्यात.

कुसुम योजनेतल्या पंपाला पाच वर्षे देखभाल-दुरुस्तीची हमी असते. पेटी स्वतः उघडली, गल्लीतल्या कारागिराकडून आत काही डकवून घेतले, तर ती हमी हातची जाईल. तक्रार लेखी द्या, तारीख घाला, नक्कल जवळ ठेवा.

आणखी एक सूचना ठळक अक्षरांत वाचा. अर्थिंगची तार काढल्यावर खरखर कमी झाली, असा अनुभव कोणाला येईलही. तरी ती तार काढून ठेवू नका. रेडिओची खरखर परवडली, पण अर्थिंग नसलेल्या पेटीला ओला हात लागणे परवडणार नाही.

खरखर धोक्याची घंटा असते तेव्हा

आतापर्यंत खरखरीला आपण शत्रू मानले. पण कधी कधी ती राखणदाराचेही काम करते, आणि आजच्या पानातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

एखादा संच वर्ष-दोन वर्षे निमूट चालत होता आणि एक दिवस अचानक रेडिओ तडतडू लागला. डबीची खरखर एकसुरी असते, शिटीसारखी किंवा भुंग्यासारखी. ही तडतड तशी नाही. ती तुटक आहे, लाह्या फुटल्यासारखी. वारा सुटला की वाढते, पडला की कमी होते. असे असेल तर समजावे, की कोठेतरी जोड ढिला झाला आहे, वायर उंदराने किंवा खारीने कुरतडली आहे आणि तेथे बारीक ठिणगी पडते आहे.

आपल्या घरच्या नेहमीच्या विजेची धार सेकंदाला शंभर वेळा क्षणभर शून्यावर येते, त्यामुळे ठिणगीला विझण्याची संधी मिळते. प्लेटची वीज एकदिश, तिला शून्य माहीत नाही. तिची ठिणगी पेटली की ऊन असेतोवर जळत राहू शकते. प्लास्टिकचा जोड वितळतो, मग केबल, आणि शेजारी कडब्याची गंजी किंवा गोठ्याचे छप्पर असेल तर पुढचे सांगायला नको.

म्हणून अशी तडतड ऐकू आली की पंप किंवा संच बंद करा. प्लेटकडून येणाऱ्या विजेचा खटका असेल तर तो पाडा. प्लेटच्या मागचे काळे जोड दुरूनच न्याहाळा. रंग तपकिरी झाला आहे का, प्लास्टिक वितळले आहे का, करपल्याचा वास येतो का? चालू प्रवाहात जोड ओढून वेगळा करू नका. ओढताच ठिणगीचा मोठा लोळ होतो. पाणी ओतू नका. ऊन असेपर्यंत प्लेट जिवंत असते, खटका पाडला तरी तिच्यापासून खटक्यापर्यंतची वायर जिवंतच राहते. गंजी, चारा, पालापाचोळा दूर करा आणि मेकॅनिकला बोलवा.

झटका मशीनची टकटक

रानडुकरांच्या त्रासाने पुष्कळांनी सौर झटका मशीन बसविले आहे. ते साधारण सेकंदाला एक झटका तारेत सोडते. रेडिओत टक, टक, टक असा घड्याळासारखा आवाज येत असेल तर तो याचाच. कुंपण नीट असेल तर हा आवाज मंद असतो. तो मोठा येऊ लागला तर समजा, की तारेला गवत टेकले आहे, इन्सुलेटर तडकला आहे किंवा तारेची गाठ ढिली आहे आणि तेथे ठिणगी उडते आहे. म्हणजे झटका डुकराला न बसता जमिनीत जातो आहे.

आता हाच रेडिओ उपयोगाला घ्या. तो हातात धरून कुंपणाच्या कडेने, तारेला न शिवता चाला. जेथे टकटक सर्वांत मोठी, तेथे दोष. मशीन बंद करा, गवत कापा, इन्सुलेटर बदला. एकरभर कुंपण हाताने चाचपडत बसण्यापेक्षा हे काम कितीतरी लवकर होते. आवाजही गेला आणि मक्याचे राखणही झाले.

अपाय होतो का?

भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर. रेडिओत खरखर आणणाऱ्या या लहरी अतिशय क्षीण असतात. आकाशवाणीच्या लहरी ज्या जातीच्या, त्याच जातीच्या. त्यांनी लेकराला बाधा होत नाही, गाईचे दूध आटत नाही आणि पाऊसही पळून जात नाही. मात्र प्लेटच्या लोखंडी चौकटीला किंवा पेटीला हात लावताच मुंग्या येत असतील, किंवा गाय त्या खांबाजवळ जायला बुजत असेल, तर ती गोष्ट वेगळी. ती खरखर नव्हे, ती गळणारी वीज. तेथे माणूस आणि जनावर दोघांनाही जाऊ देऊ नका आणि दुरुस्ती होईपर्यंत संच बंद ठेवा.

पावसाळ्याच्या तोंडाशी आणखी एक ध्यानात असू द्या. आभाळ गडगडू लागण्याआधीच मध्यम लहरींवर अधूनमधून कडकड येऊ लागते. ती दूरवर पडणाऱ्या विजेची असते. संच बंद करूनही ती राहते आणि तिला ताल नसतो. ही कडकड वाढत गेली की रानातले काम आवरून पक्क्या घरात या, झाडाखाली थांबू नका. रेंज असेल तेथे पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप विजेचा इशारा देते, त्याचाही उपयोग करा. अशा वेळी प्लेटच्या वायरींना हात लावायचा नाही.

फिरत्या बिऱ्हाडांसाठी

मेंढरांमागे फिरणारे धनगर बांधव आणि ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आता लहान सौर संच बरोबर नेतात. गाडीवर किंवा कोपीवर प्लेट, आत दिवा, मोबाइलला चार्जिंग. त्यांची अडचण अशी, की जागा हातभर आणि त्यातच डबी, बॅटरी, रेडिओ सगळे एकत्र. परदेशात मोटारीतच घर थाटून हिंडणारे लोक असतात, त्यांनाही नेमका हाच त्रास होतो आणि तेही हेच उपाय करतात. वायरींना पीळ द्यावा, जास्तीची वायर कमी करावी, काळ्या कड्याचे वेढे घ्यावेत आणि रेडिओ बिऱ्हाडाच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा. बातम्या ऐकायच्या तेवढा वेळ प्लेटवर घोंगडी टाकली तरी चालते. पंधरा मिनिटांनी बॅटरी उपाशी राहत नाही. प्रवासात हादऱ्यांनी जोड ढिले होतात, म्हणून मुक्काम बदलला की आधी प्लेट झाकून बॅटरीचे आटे आणि वायरीचे जोड तपासावेत.

शेजाऱ्याचे काय?

राहिला शेजाऱ्याच्या पंपाचा प्रश्न. भांडायला जाऊ नका, रेडिओ घेऊन जा. त्याला पंप बंद करायला सांगा, खरखर थांबलेली ऐकवा. पुन्हा सुरू करायला सांगा, परत आलेली ऐकवा. कानाने ऐकलेले माणूस नाकारीत नाही. मग सांगा, की हा तुझा दोष नाही, केबल उघड्यावर लोंबते आहे, अर्थिंग सुटले आहे, ते नीट केले तर तुझाच पंप जास्त टिकेल. बांधावरून झालेली भांडणे पिढ्यान् पिढ्या चालतात. त्यात रेडिओची भर नको.

थोडक्यात, खरखर आली की संच काढायला धावू नका. आधी सेलवरच्या रेडिओने चोर शोधा. मग रेडिओ फिरवा, अंतर वाढवा, वायरींना पीळ द्या, कडे घाला. पंपाची पेटी जाणत्याकडे सोपवा. आणि तडतड तुटक, लाह्यांसारखी असेल तर त्याच क्षणी संच बंद करा.

तुमच्याकडे यांतला कोणता उपाय लागू पडला, ते साध्या कार्डावर अवश्य कळवा. खरखर कोणत्या वेळी येते, सूर कसा आहे आणि संच घरचा आहे की पंपाचा, एवढे लिहिलेत तर उत्तर देणे सोपे जाईल.